ठिपक्याची हद्द

सरकारी चाकरीत तेहतीस वर्षे काढून, क्षेत्र, हद्द आणि मोजणी या तीन विषयांत आपणास आता कोणी काही शिकवू शकणार नाही अशा समजुतीने निवृत्त झालेल्या माणसाला उतारवयात एका टिचभर लाल ठिपक्याने तोंडघशी पाडावे, आणि त्या ठिपक्याची वकिली करावयास स्वतःच्या सख्ख्या भाचीने उभे राहावे, हा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर तो गेल्या आश्विनात आला, आणि त्याची दाद कोणत्या कचेरीत मागावी हे आजतागायत न उमगल्यामुळे हा अर्ज मी वाचकांच्या दरबारी गुदरीत आहे.

मी मूळचा सांगलीचा. नोकरीने कलकत्त्यास आणले, आणि निवृत्तीनंतर परत जाण्याइतके सांगलीत काही शिल्लक न राहिल्यामुळे आम्ही उभयता हाजरा रोडला, महाराष्ट्र निवासापासून चालत पाच मिनिटांवर, कायमचे स्थिरावलो. (२००१ साली सरकारने शहराचे नाव कोलकाता असे केले, परंतु तोवर माझी जीभ वळवण्याजोगी राहिली नव्हती.) आप्तेष्टांचा ओघ पूर्वी बेताचा होता. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कलकत्त्याच्या दुर्गापूजेस मानवजातीच्या अमूर्त वारशांच्या यादीत स्थान दिले, आणि त्या ठरावाची अंमलबजावणी प्रामुख्याने आमच्या दिवाणखान्यात होऊ लागली. गेल्या खेपेस सांगलीहून साडू आणि मेव्हणी आली. साडू निवृत्त मुख्याध्यापक. कोणत्याही विधानाचा शब्दशः अर्थ घेणे हे त्यांचे जन्मजात व्रत असून, ते त्यांनी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांकडून आणि निवृत्तीनंतर नातेवाइकांकडून सक्तीने पाळून घेतले आहे.

पाहुण्यांना मंडप दाखवणे हे काम वाटते तितके सोपे नाही. उत्तरेस बागबाजार, मध्ये कॉलेज स्क्वेअर आणि महंमद अली पार्क, दक्षिणेस एकडालिया आणि सिंघी पार्क, आणि या नामांकितांच्या मध्ये प्रत्येक पाड्याची, प्रत्येक क्लबाची, प्रत्येक गल्लीची आपापली स्वतंत्र दुर्गा. तेव्हा कोठे जावे, कोठे जाऊ नये आणि कोठे गेल्यास गुडघे परत मिळणार नाहीत, याचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा लागतो. माझ्यापाशी त्याची सामग्री होती. मागील पूजेच्या पाचही दिवशी प्रत्येक मंडपाच्या रांगेत किती मिनिटे उभे राहावे लागले, याची नोंद मी जुन्या सवयीने रोजनिशीत, तारीखवार आणि स्वाक्षरीनिशी, करून ठेवली होती. गरियाहाटजवळच्या एका नामांकित मंडपात ७५ मिनिटे. आमच्या गल्लीत ५.

भाची सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीस आहे. कामाचे स्वरूप विचारले असता ती 'डेटा' एवढेच सांगते, आणि अधिक विचारले असता तेच मोठ्याने सांगते. माझी रोजनिशी चाळून ती म्हणाली, "मामा, हे सगळं नकाशावर टाकू या. प्रत्येक मंडपाला एक ठिपका, आणि जितकी रांग मोठी तितका ठिपका मोठा. चाक फिरवलं की नकाशा जवळ येईल, दूर जाईल."

"आणि ठिपका?" मी विचारले.

वाचकहो, या दोन शब्दांत माझ्या सर्व दुर्दैवाचे बीज होते. भाचीने क्षणभर माझ्याकडे, परीक्षेबाहेरचा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहिले, आणि म्हणाली, "तेच ठरवायचं असतं."

लीफलेट नावाचे नकाशे हलवणारे एक साधन आहे. कीव्ह शहरातील एका तरुणाने ते २०११ साली जगापुढे ठेवले, आणि फुकट ठेवले. त्याच्या दप्तरात वर्तुळांच्या दोन जाती आहेत. 'सर्कल' या जातीची त्रिज्या मीटरांत सांगावी लागते, म्हणजे ते जमिनीला बांधलेले, नकाशा फुगला की फुगणारे, आक्रसला की आक्रसणारे. 'सर्कलमार्कर' या जातीची त्रिज्या पिक्सेलांत, म्हणजे पडद्याच्या कणांत सांगावी लागते, त्यामुळे ते डोळ्याला बांधलेले, आणि नकाशा कितीही जवळ ओढला वा लोटला तरी आपले अंग चोरून जागच्या जागी तेवढ्यालाच तेवढे. आलेख काढणाऱ्या इतर साधनांतही हीच दोन घराणी नांदतात. मॅटप्लॉटलिब नावाच्या एकात तर ठिपक्याचे माप मुद्रकांच्या पॉइंटच्या वर्गात सांगावे लागते, आणि पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा हिस्सा. त्यामुळे तेथला ठिपका टाइपाच्या खिळ्यांसारखा, आलेख वाढला म्हणून वाढत नाही.

माझ्यासारख्याने कोणता पक्ष घेतला असेल हे सांगावयास नको. ज्याची हद्द जमिनीवर नाही त्याला हद्द म्हणतच नाहीत, अशा शिस्तीत वाढलेला मी. मी मीटरांचा हुकूम सोडला, आणि एका मिनिटास दहा मीटर त्रिज्या असा दरही बांधून दिला. पाच मिनिटांच्या आमच्या गल्लीस पन्नास मीटर. पंचाहत्तर मिनिटांच्या त्या मंडपास साडेसातशे.

नकाशा उघडताच ते साडेसातशे मीटरांचे लाल प्रकरण गरियाहाटचा बाजार, शेजारचे तीन मंडप, बालीगंज स्टेशन आणि बऱ्याच निरपराध लोकांची घरे पोटात घालून, जेवण झालेल्या अजगरासारखे पसरलेले दिसले. भाचीने शांतपणे दाखवून दिले, की माझ्या रांगेत पंधरापटीचा फरक असला तरी वर्तुळांच्या क्षेत्रात तो सव्वादोनशेपट झाला होता. डोळा त्रिज्या मोजीत बसत नाही, तो पसारा पाहतो, म्हणून मिनिटे त्रिज्येला न देता क्षेत्राला द्यावयाची असतात. चौरस फुटांच्या फेरफारात उभी हयात गेलेल्या माणसाची ही चूक होती. ती मी मान्य केली, पण लेखी दिले नाही. पुढे तिने चाक उलट फिरवून अवघा बंगाल पडद्यावर आणला. त्याबरोबर त्या अजगराचा सरडा झाला, सरड्याचा डास झाला, आणि आमच्या गल्लीची दुर्गा तर दहा भुजांसह निःशेष अदृश्य झाली.

तरीही मी पक्ष सोडला नसता, परंतु त्या सायंकाळी साडू नकाशा मोबाइलवर घेऊन बाहेर पडले. आठच्या सुमारास त्यांचा फोन आला. ते गरियाहाटच्या एका साडीच्या दुकानासमोर उभे होते, आणि त्यांचा स्वर मुख्याध्यापकाचा होता.

"मी वर्तुळाच्या हद्दीत येऊन वीस मिनिटं झाली," ते म्हणाले. "साडेतीनशे मीटर आत आलो आहे. देवी कोठे आहे?"

मी त्यांस विनवून सांगितले, की वर्तुळ म्हणजे मंडप नव्हे, वर्तुळ हे रांगेच्या लांबीचे केवळ द्योतक असून देवी त्याच्या मध्यबिंदूशी आहे. त्यावर ते म्हणाले, "मग एवढी जागा कशाला अडवली आहे?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते; कलकत्त्यात रस्ता अडवून बसलेल्या कोणत्याच गोष्टीपाशी नसते.

दुसऱ्या दिवशी पिक्सेलांचे राज्य सुरू झाले. ठिपके आता डोळ्याशी इमान राखून होते. संपूर्ण शहर पाहावे तर सर्व ठिपके एकमेकांत मिसळून हुगळीच्या पूर्व तीरावर कोणीतरी आळत्याची वाटी उपडी केल्यासारखा एकच डाग. जवळ जावे तसतसे ते, लग्नानंतर वाटण्या झालेल्या भावांसारखे, एकमेकांपासून सुटे होत. हे मात्र पाहण्यासारखे होते. जमिनीला बांधलेल्या ठिपक्यांना ही सोय नाही, कारण अंतर जितके वाढते तितकेच तेही वाढतात, आणि दुरून एकमेकांच्या अंगावर बसलेले जवळूनही तसेच बसलेले आढळतात. परंतु साडूंनी गल्लीच्या पातळीपर्यंत नकाशा ओढला, तेव्हा शहर हालवून सोडणारा तो मंडप तीस कणांचा, रस्त्याच्या हिशेबाने सोळा-सतरा मीटरांचा, एवढासा उरला. ठिपका त्या मंडपाच्या दारावर बसला असता तर चौकटीला लागला नसता. "काल बाजार गिळत होता," साडू म्हणाले, "आज उपास दिसतो."

कागदी नकाशाच्या काळी हे दुखणे नव्हते. पन्नास हजारी सर्व्हे नकाशावर देवळाची दोन मिलिमीटरांची खूण जमिनीवरची शंभर मीटर जागा खाते, आणि दहा लाखी नकाशावर तीच खूण दोन किलोमीटर खाते. कालीघाटच्या देवळावर ती ठेवली तर आदिगंगा, दोन्ही काठ आणि आमचे घर तिच्या खाली जाईल. पण त्याबद्दल कधी कोणी अर्ज केला नाही, कारण प्रत्येक पत्रकाचे प्रमाण कोपऱ्यात लिहिलेले असे, आणि आरेखकाने ठिपका किती मोठा ठेवावयाचा हे एकदाच ठरवले की विषय दप्तरी दाखल होई. वाचकाच्या हाती चाक देण्याची आपत्ती अलीकडची आहे.

या शहराला ठिपक्यांची सवय मात्र जुनी. राष्ट्रीय अ‍ॅटलासाचे कार्यालय १९५६ पासून येथेच. आणि त्याहूनही जुनी कथा बी. टी. रोडची. १८३१-३२ साली जॉर्ज एव्हरेस्टने त्रिकोणमितीय मोजणीची कलकत्त्याची पायारेषा याच रस्त्यावर आखली. पाइकपाडा आणि सुखचर येथील तिच्या टोकांचे मनोरे आजही बसमधून दिसतात, आणि बसमधील कोणीही ते पाहत नाही. उन्हाने धातू वाढतो आणि मोजणी चुकते, म्हणून एव्हरेस्टने विलायतेहून पितळ आणि लोखंड यांच्या जोडीचे दहा फुटी दांडे आणविले होते; दोन्ही धातू आपापल्या परीने फुगत, पण त्यांच्या जिभांवर कोरलेल्या दोन ठिपक्यांमधील अंतर मात्र, बाहेर वैशाख असो की पौष, दहा फुटांवरून हलत नसे. परिस्थितीने न फुगणाऱ्या ठिपक्यासाठी माणसाने किती खटाटोप केला आहे पाहा. मी हे भाचीस सांगितले. ती म्हणाली, "मामा, ते अंतर होतं. ठिपका नव्हे."

त्याच बी. टी. रोडवर, त्या दोन मनोऱ्यांच्या दरम्यान, बरानगर येथे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे. या महालनोबीसांनी १९३६ साली अंतर मोजण्याची एक अशी रीत सांगितली, की इंच घ्या, सेंटिमीटर घ्या, एकके बदला, अंतर तेच राहते; आमच्या ठिपक्यास हा गुण असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण वर्तुळाच्या आकारावरून महालनोबीसही वादात सापडलेच, आणि सांगावयास अभिमान वाटतो, की प्रतिपक्षाला सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते.

वाद पिकाचा होता. सगळ्या शेताची कापणी करून उतारा काढणे शक्य नसते, म्हणून शेतात यदृच्छेने जागा निवडून तेवढ्या तुकड्याची कापणी करून मोजतात. प्रश्न एवढाच की तो तुकडा केवढा असावा. महालनोबीस लहान वर्तुळाचे पक्षपाती, दोन फूट, चार फूट त्रिज्येचे, कारण लहान तुकडा स्वस्त पडतो आणि तेवढ्याच खर्चात कितीतरी अधिक जागी टाकता येतो. सुखात्मे म्हणत, की लहान तुकड्यात उतारा हटकून फुगतो. कारण अत्यंत मानवी आहे. हद्दीवर उभे असलेले रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. आणि वर्तुळ जितके लहान तितकी त्याची हद्द, क्षेत्राच्या मानाने, मोठी. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा हिशेब करून पाहा: साडेबारा चौरस फूट क्षेत्र, साडेबारा फूट परिघ, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट हद्द आणि तीवर रेंगाळणारी रोपे. उलट सुखात्म्यांच्या बाजूचा ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, एकराच्या ऐंशीव्या हिश्शाचा आयत घ्या. तेथे चौरस फुटामागे हद्द पाव फूटही पडत नाही. १९४० च्या दशकात हा वाद विद्वानांच्या नियतकालिकांतून सभ्यपणे, म्हणजे अतिशय कडवटपणे, चालला. दोन थोर माणसे भाताच्या खाचरात वर्तुळ किती मोठे काढावे यावर वर्षानुवर्षे भांडतात हे पाहून हसणाऱ्याने आधी आमच्या दिवाणखान्यात यावे.

माझ्या मनाचा कौल सुखात्म्यांच्या बाजूने पडला, आणि त्याला प्रांताभिमानाहून बळकट पुरावा घरातच होता. साडू वर्तुळाच्या आत साडेतीनशे मीटर गेले आणि फसले, तर मेव्हणी त्याच वर्तुळाच्या काठावर, हद्दीवरच्या रोपासारखी, एका फुचकावाल्यापाशी, म्हणजे इथल्या पाणीपुरीवाल्यापाशी, उभी राहिली, आणि ती आत धरावी की बाहेर याचा निर्णय अद्याप झालेला नाही.

शेवटी भाचीनेच तडजोड घडवून आणली, आणि ती इतकी साधी निघाली की मला ती आधी सुचली नाही याचा विषाद वाटला. नकाशा चौपट झाला की ठिपका दुप्पट करावयाचा. नकाशा नऊपट तर ठिपका तिप्पट. म्हणजे ठिपका जमिनीबरोबर वाढतो, पण पूर्ण नाही. अंतरे त्याच्या पुढे धावतात, म्हणून अंगावर बसलेले ठिपके सुटे होतात, मात्र सावकाश. दोन ठिपक्यांचा व्यास त्यांच्यातील अंतराच्या तिप्पट असला, तर स्थिर ठिपके नकाशा तिप्पट मोठा केल्यावर विलग होतात; जमिनीला बांधलेले प्रलयापर्यंत होत नाहीत; तडजोडीचे नऊपटीला होतात. शिवाय दोन सरहद्दी: कितीही दूर गेले तरी ठिपका चार कणांखाली जाणार नाही, आणि कितीही जवळ आले तरी चाळीसच्या वर नाही. सरकारी वेतनश्रेणीही अशाच असतात. मी हे मत प्रकट केले तेव्हा भाची प्रथमच माझ्याकडे आदराने पाहती झाली; निदान मला तसे वाटले.

शेजारचे वयोवृद्ध बंगाली गृहस्थ, ज्यांनी भूगोल शिकवण्यात हयात घालवली, ते हे सर्व चहाच्या वेळी पाहत बसले होते. त्यांचे म्हणणे असे पडले, की आम्ही तिघे मुळात चौथा प्रकार विसरलो: दूर असताना मोठा आणि जवळ येता येता नाहीसा होणारा ठिपका. उदाहरण मागताच त्यांनी अत्यंत सौजन्याने माझ्याकडेच बोट केले. १७४२ साली आमचे बारगीर, म्हणजे त्यांचे 'बर्गी', बंगालच्या पश्चिमेस नाचत असता कलकत्त्याने शहराभोवती मराठा खंदक खणण्यास घेतला. सुमारे तीन मैल खणून झाला, बर्गी शहरापर्यंत आलेच नाहीत, आणि काम थांबले. पुढे १७९९ च्या सुमारास तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. "तुमच्या भीतीचंही आम्ही वर्तुळच केलं," ते म्हणाले, आणि बशीतला दुसरा संदेश उचलला. हे खंदकप्रकरण कलकत्त्यास आलेल्या प्रत्येक मराठी माणसास चहाबरोबर ऐकावे लागते. त्यास आता काही तजवीज नाही.

अष्टमीच्या रात्री तडजोडीचा नकाशा घेऊन आम्ही सहकुटुंब निघालो. एकडालिया आणि सिंघी पार्क यांचे ठिपके विलग झाले खरे, परंतु तोवर साडूंनी दोन बोटांनी नकाशा इतका ताणला होता की मोबाइलवर फक्त एक चपलांचे दुकान उरले. मग आम्ही जिकडून ढाकाचा, म्हणजे पूजेच्या ढोलाचा, आवाज मोठा येत होता तिकडे गेलो.

विजयादशमीनंतर पाहुणे जाण्याच्या आदल्या सायंकाळी साडूंनी भाचीस एक विनंती केली. सांगलीस कृष्णाकाठी पटवर्धनांनी बांधलेल्या गणपतीच्या देवळाचा ठिपकाही नकाशावर टाकावा. संकष्टीची रांग त्यांनी स्वतः मोजलेली असून ती आठ मिनिटांची आहे. भाचीने तो टाकला. साडूंनी चाक हाती घेतले आणि ते उलट फिरवावयास सुरुवात केली. शहर आक्रसले, बंगाल आक्रसला. एकेक मोठा ठिपका आपल्या चार कणांच्या किमान वेतनावर येऊन थबकला. नागपूर आले, सोलापूर आले, हिमालय आला, आणि संपूर्ण आशिया खंड पडद्यावर मावला तेव्हा कलकत्त्याच्या साऱ्या पूजा एकावर एक चढून एकच ठिपका झाल्या होत्या, चार कणांचा. आणि खाली डाव्या अंगास, तसूभरही कमी नाही असा, चार कणांचा सांगलीचा गणपती होता.

साडू बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी माउस भाचीच्या हाताबाहेर सरकवून ठेवला, आणि म्हणाले, "आता याला कोणी हात लावायचा नाही. याचा एक छाप काढून दे. मोठ्या कागदावर."